पाच तासांची पाळी

नोकरी गेली की लोक भेटायला येतात. चहा घेतात, धीर देतात, कुठल्याशा कंपनीत असलेल्या भाच्याचा नंबर देऊन जातात. नोकरी निम्मी गेली तर मात्र कोणी फिरकत नाही. माणूस सकाळी युनिफॉर्म चढवून बाहेर पडलेला दिसतो, दुपारी पावणेदोनला जिना चढताना दिसतो आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची समजूत होते की ह्याचं बरं चाललंय. आमच्या इमारतीतल्या एका निवृत्त गृहस्थांनी तर मला विचारलं, "प्रमोशन झालं वाटतं?" त्यांच्या हिशेबाने ते रास्तच होतं. लवकर घरी येणारी माणसं त्यांनी आयुष्यभर साहेबलोकांतच पाहिली होती.

साल २०१९, मुक्काम भोसरी एमआयडीसी. आम्ही गाड्यांचे पार्ट बनवतो. असं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर इंजिन किंवा स्टिअरिंग येतं. आमचा पार्ट गाडीच्या पोटात कुठेतरी बसलेला असतो आणि तो आहे हे मालकाला मेकॅनिकने बिल दिल्यावरच कळतं. शिवाय आम्ही थेट गाडीवाल्या कंपनीला माल देत नाही. तिच्या वेंडरला देतो. म्हणजे आम्ही वेंडरचे वेंडर. वरची कंपनी दोन दिवस बंद राहिली की मधला वेंडर तीन दिवस बंद ठेवतो आणि आम्ही चार. सुट्टी वरून खाली येता येता वाढत जाते. बोनसच्या बाबतीत हे कधी घडलेलं नाही.

त्या वर्षी गाड्या खपेनात. ऑगस्टमध्ये देशातली प्रवासी वाहनांची विक्री आदल्या ऑगस्टपेक्षा ३१ टक्क्यांहून जास्त घसरली. कारणं सांगायला जो तो तयार होता. आदल्या सप्टेंबरात आयएल अँड एफएस ही बडी वित्तकंपनी गाळात गेली, तेव्हापासून वाहनकर्ज देणाऱ्या वित्तसंस्थांनी हात आखडता घेतला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे नवे प्रदूषण निकष येणार म्हणून गिऱ्हाईक थांबलं. नव्या गाडीचा थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागू लागला. आणि सप्टेंबरात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी सांगितलं की नव्या पिढीला हप्ते भरून गाडी घेण्यापेक्षा ओला-उबर किंवा मेट्रो बरी वाटते. दुसऱ्या दिवशी आमच्या शॉपमधला प्रत्येक बाप घरी पोराची उलटतपासणी घेऊन आला होता. माझ्या मुलाने कॉलेजच्या मित्रांबरोबर ओला केल्याचं कबूल केलं. मेट्रोच्या बाबतीत तो निर्दोष निघाला. पिंपरीत तेव्हा मेट्रोचे नुसते खांबच उभे होते.

सुरुवातीला नोटीस बोर्डावर 'ब्लॉक क्लोजर' लागायचं. निम्मे दिवस कंपनीच्या नावावर, निम्मे आमच्या रजेतून. रजा संपत आल्या तेव्हा ले-ऑफची भाषा सुरू झाली आणि आमच्या युनियनचे सेक्रेटरी औद्योगिक विवाद कायद्याचं पुस्तक घेऊन गेटजवळच्या पिंपळाखाली बसू लागले. १९४७ चा हा कायदा वाचून दाखवला की करमणूक होते, हे मला तेव्हाच कळलं. ले-ऑफ दिलेल्या कामगाराला मूळ पगार अधिक महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई द्यायची, हे ठीक. पण ती हवी असेल तर कामगाराने रोज नेमलेल्या वेळी निदान एकदा कामावर हजर व्हायला हवं. म्हणजे काम नाही हे ऐकायला रोज कामावर जायचं. हजर झाल्यापासून दोन तासांत काम दिलं नाही तर तो ले-ऑफ. 'पाळीच्या दुसऱ्या भागात या' म्हणून सांगितलं आणि तेव्हा काम दिलं, तर अर्धा ले-ऑफ. आणि दुसऱ्या भागात जाऊनही काम दिलंच नाही, तर त्या अर्ध्या भागाचा पूर्ण मूळ पगार आणि महागाई भत्ता. या शेवटच्या कलमावर आमच्या लाइनवरच्या काही जणांनी फार आशा ठेवली होती. साहेब इतका विसरभोळा निघाला नाही.

माझे चुलते लालबागच्या एका गिरणीत बदली कामगार होते. पाळीच्या भोंग्याआधी गेटवर उभं राहायचं, कायमवाल्यांपैकी कोणी आलं नाही तर मागावर जायचं, नाहीतर परत. १९८२ च्या संपानंतर ते गावी गेले ते गेलेच. त्यांना मी फोनवर हे कलम वाचून दाखवलं. ते म्हणाले, "अरे, मग आमच्या वेळेसारखंच आहे की. फक्त तुम्हाला पुस्तकात बघून उभं राहायला लागतं."

आणि ते 'निम्मी भरपाई' प्रकरण. गेल्या तीन-चार करारांत आम्ही पगारवाढ मिळवली ती बहुतेक भत्त्यांच्या रूपात. घरभाडे भत्ता, शिक्षण भत्ता, वाहन भत्ता, धुलाई भत्ता. करारावर सह्या झाल्या की पेढे वाटायचो. मूळ पगार बिचारा खाली बारीकसा राहिला होता, त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. आता निम्मं करायची वेळ आली तेव्हा कायद्याने नेमकं त्यालाच हाताला धरून पुढे आणलं. पगाराचं निम्मं आणि मूळ पगाराचं निम्मं यांत एका कॉलेजच्या फीचं अंतर पडतं.

गणपती झाले आणि नवी नोटीस लागली. युनियनशी बोलणी होऊन ले-ऑफऐवजी शॉर्ट शिफ्ट ठरली होती. सकाळी ८ ते दुपारी १. कोणाची नोकरी जाणार नाही, पगार तासांच्या प्रमाणात. आम्ही टाळ्या वाजवल्या. पाचच तास का, सहा का नाहीत, हा प्रश्न त्या क्षणी कोणाला पडला नाही. तो दुसऱ्या दिवशी एक वाजता, भूक लागल्यावर पडला.

फॅक्टरी अॅक्टप्रमाणे तेव्हा कामगाराला सलग पाच तासांपेक्षा जास्त राबवता येत नसे. मध्ये निदान अर्ध्या तासाची सुट्टी द्यावी लागे. पाच तासांपर्यंत मात्र काही द्यावं लागत नसे. सुट्टी नाही, म्हणजे जेवणाची वेळ नाही, म्हणजे कँटीनची थाळी नाही. ज्या कोणी हा पाचाचा आकडा शोधून काढला त्याच्या अभ्यासाला माझा नमस्कार आहे. कायद्याचं एकही कलम न मोडता त्याने साडेतीनशे माणसांचं जेवण उचलून ठेवलं.

कँटीनच्या जेवणाला आम्ही वर्षानुवर्षं नावं ठेवली. डाळीत डाळ शोधावी लागते, गुरुवारी सुट्टी म्हणून बुधवारची उसळ शुक्रवारी भेटते, कोशिंबिरीतली काकडी कंपनीपेक्षा वयाने मोठी असते. कँटीन कमिटीत मी स्वतः दोन वेळा निवडून आलो तो पोळ्यांच्या जाडीवर भाषणं करून. ही थाळी आम्हाला पाच रुपयांत मिळायची. तेव्हा अडीचशेहून जास्त कामगार असले की कँटीन ठेवावंच लागायचं. आमच्याकडे ते कंत्राटदार चालवायचा आणि वरचा खर्च कंपनी सोसायची. इतकी वर्षं त्या पाच रुपयांत मी जेवतोय असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात त्या पाच रुपयांवर आमच्या घराची सगळी दुपार उभी होती.

कारण आमच्या घरी दुपारचं जेवण असं काही नव्हतंच. सकाळी मुलांचे डबे व्हायचे. सौ. घरी फॉल-पिको आणि ब्लाउज शिवते. डब्यातलं उरलंसुरलं ती साडेबाराच्या सुमाराला मशीनवरून न उठता खायची. ही तिची रीत मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही ठाऊक नव्हती, कारण त्या वेळी मी एक तर पहिल्या पाळीला नाहीतर झोपेत. आता पावणेदोनला एक भुकेला पुरुष युनिफॉर्ममध्ये दारात उभा राहू लागला. पहिले काही दिवस तिने गरम भाकऱ्या केल्या, त्या दिवसांतली गिऱ्हाइकांची कामं मागे पडली आणि एका बाईंनी ब्लाउज न शिवताच परत नेला. त्या रात्री ती म्हणाली, "अहो, तुमच्या कंपनीने तुमचा ओव्हरटाइम बंद केला आणि माझा सुरू केला. तुम्हाला डबल रेट तरी मिळायचा."

युनियनच्या बैठकीत एवढा नेमका मुद्दा कोणी मांडलेला मी ऐकला नाही. आमच्या मागणीपत्रात तो घालता आला असता तर बरं झालं असतं, पण सौ. आमच्या हजेरीपटावर नाही.

मग बस. सकाळी नेणारी बस चालू होती, कारण आठच्या आत माणसं यायला हवीत यात कंपनीचं हित होतं. दुपारी आणणारी बस नव्हती. पूर्ण पाळीची बस साडेचारला सुटायची, तिची वाट बघत बसायची मुभा होती. काही जण खरोखर बसायचे. पिंपळाखाली पत्ते रंगायचे आणि वॉचमन सांगायचा, काम संपल्यावर आवारात थांबायचं नाही, पण बस आवारातूनच सुटते. मी पीएमपीचा पास काढला. कंपनीच्या बसमध्ये माझी खिडकीची जागा ठरलेली होती आणि घरापासून गेटपर्यंतची झोप त्या जागेवर जमा होत असे. पीएमपीत उभ्या उभ्या ती जमेना. भत्त्यांच्या यादीत झोपेचा उल्लेख कुठेच नसतो, म्हणून ती गेल्याची तक्रारही कुठे करता येत नाही.

हजेरी भत्त्याची गोष्ट थोडक्यात. महिनाभर एकही खाडा नसेल तर हा भत्ता मिळे. एचआरने खुलासा केला की पाच तास म्हणजे पूर्ण हजेरी नव्हे, सबब महिनाभर रोज येणाऱ्यालाही भत्ता लागू नाही. गेट त्यांनी एकला बंद करायचं आणि खाडा आमच्या नावावर. रातपाळी भत्ता तर रातपाळीच गेल्यामुळे गेला. तो मात्र बायकोने आनंदाने जाऊ दिला.

साबणाचं तसं झालं नाही. साबणासाठी लढाई झाली. दर महिन्याला माणशी एक वडी अशी पूर्वापार पद्धत. ती आता दोन महिन्यांत एक झाली. तास कमी, तर मळही कमी, असा मांडणाऱ्याचा हिशेब असावा. आमच्या कमिटीने यावर पगारकपातीपेक्षा जास्त वेळ चर्चा केली. एकाने दाखले दिले की कूलंटचा वास पहिल्या अर्ध्या तासातच हाताला लागतो, पुढचे तास त्यात भर घालत नाहीत. म्हणजे पाच तास काम करा की आठ, साबण तेवढाच लागतो. दुसऱ्याने टेबलावर हात ठेवून दाखवले. शेवटी कंपनीने मान्य केलं. आम्ही घोषणा दिल्या, सेक्रेटरींच्या गळ्यात हार पडला. बाहेरच्या कोणाला हे हास्यास्पद वाटेल. पण पगाराची लढाई हरायची आहे हे सगळ्यांना माहीत होतं, आणि रोज हरणाऱ्या माणसाला मधूनमधून एखादी साबणाची वडी जिंकावीशी वाटते.

एवढं सगळं जात असताना एक गोष्ट मात्र भरभरून मिळाली: वेळ. भोसरीत आमची सुट्टी गुरुवारी असते. सगळं जग रविवारी लोळत असतं तेव्हा आम्ही मशीनवर आणि आम्ही गुरुवारी मोकळे असतो तेव्हा घरात दुसरं कोणी मोकळं नसतं. आता रोज दुपार मोकळी. मी ठरवलं होतं की पुस्तकं वाचीन. पण मोकळा माणूस सोसायटीच्या चेअरमनला तीन मजल्यांवरूनही दिसतो. पाण्याची टाकी धुवायला येणाऱ्यांवर लक्ष ठेवणं, लिफ्टवाल्याला फोन करणं, भाडेकरूंच्या पोलीस पडताळणीचे फॉर्म गोळा करणं, अशी खाती माझ्याकडे आली. या कामाला हजेरी भत्ता नव्हता, पण खाडाही चालत नव्हता. टाकीवर उभा असताना चेअरमन मला 'साहेब' म्हणू लागले. कंपनीत हे कधी जमलं नव्हतं.

हे सगळं मी हसत सांगू शकतो, कारण मी पर्मनंट आहे. आमच्या बाजूच्या मशीनवर लातूरकडचा एक कंत्राटी मुलगा होता. त्याला शॉर्ट शिफ्ट नव्हती, आठवड्यातून तीन दिवस होते. आला तर त्या दिवसाचा रोज, नाही आला तर काही नाही. आम्ही पर्मनंट मंडळी पगाराच्या २१,००० च्या मर्यादेपलीकडे गेल्यामुळे ईएसआयच्या, म्हणजे कामगार विमा योजनेच्या, बाहेर. तो मात्र आत. त्याच्या पगारातून पाऊण टक्का कापला जाई, कंत्राटदार सव्वातीन टक्के भरी, आणि आजारी पडलं तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के भत्ता. ही योजना मला मनापासून आवडते. मोहननगरच्या ईएसआय हॉस्पिटलमध्ये आमच्या कितीतरी जणांच्या घरची बाळंतपणं झाली आहेत.

पण त्या भत्त्यालाही हजेरी लागते. सहा महिन्यांत निदान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. ऑक्टोबर ते मार्चमध्ये ७८ भरले तर पुढच्या जुलै ते डिसेंबरात आजारी पडता येतं. एप्रिल ते सप्टेंबरच्या दिवसांवर जानेवारी ते जून. हा मुलगा त्या उन्हाळ्यात आईच्या दुखण्यासाठी गावी राहिला, परत आला तर ब्लॉक सुरू झालेले, त्यामुळे त्याची पहिली सहामाही थोडक्यात हुकली होती. आता दुसरी वाचवायची होती. त्याने मला गणित करून दाखवलं. सहा महिने म्हणजे सव्वीस आठवडे, आठवड्याला तीन दिवस, सव्वीस त्रिक अठ्ठ्याहत्तर. "काका, बरोबर बसतंय." बरोबर बसत होतं हीच त्यातली अडचण होती. एक दिवस इकडेतिकडे करायला जागा नव्हती.

नोव्हेंबरात तो तापाने फणफणलेला आला. डोळे लाल, हातात गेज थरथरतंय. सुपरवायझर म्हणाला, घरी जा. तो जाईना. मी त्याला बाजूला घेतलं, तर त्याने मला हळू आवाजात समजावलं की आजारपणाचे पहिले दोन दिवस तसेही भत्त्यात धरत नाहीत, ताप तर दोन दिवसांचाच वाटतोय, आणि घरी बसलो तर दिवस कमी पडतात, दिवस कमी पडले की पुढे आजारी पडल्यावर काही मिळणार नाही. म्हणून तो आजारी असताना आजारपणाचा हक्क राखायला कामावर आला होता. यात कुठेही चूक काढता येईना. मी त्याच्या मशीनचे जॉब त्या दिवशी माझ्याकडे घेतले आणि त्याला फिक्श्चर पुसायला बसवलं. सुपरवायझरने बघून न बघितल्यासारखं केलं. त्याचाही एक भाऊ कुठेतरी कंत्राटीत होता.

तेव्हापासून एक शंका माझ्या डोक्यात आहे आणि ती मी सेक्रेटरींनाही बोलून दाखवली. थाळी, बस, हजेरी भत्ता, आजारपणाचा भत्ता, हे सगळं चांगल्या दिवसांत चांगलं चालतं. त्या दिवसांत थाळी नसती तर मी बाहेर वडापाव खाल्ला असता आणि बस नसती तर रिक्षा केली असती. ज्या महिन्यात काम निम्मं होतं त्याच महिन्यात या गोष्टींशिवाय चालत नाही आणि त्याच महिन्यात त्या कामाच्या मागोमाग निघून जातात. सेक्रेटरी बराच वेळ विचार करून म्हणाले, "पुढच्या करारात बघू." पुढचा करार २०२१ मध्ये होता.

वर्ष पालटल्यावर बीएस-६ चे पार्ट लाइनवर आले आणि फेब्रुवारीत आमची पाळी पुन्हा आठ तासांची झाली. कँटीनच्या पहिल्या थाळीत डाळ नेहमीसारखीच पातळ होती आणि कोणीही काही बोललं नाही. मी तर पोळी दोनदा मागून घेतली. सौ.ने मागे पडलेले ब्लाउज हातावेगळे केले. चेअरमन मात्र काही दिवस नाराज होते. लातूरच्या मुलाला चार दिवस मिळू लागले आणि तो मशीनच्या पत्र्यावर खडूने आकडा लिहू लागला, सत्तरच्या पुढे.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात करोनामुळे शहरच बंद झालं. सगळा महाराष्ट्र एकदम शॉर्ट शिफ्टवर आला. तो मुलगा मिळेल त्या वाहनाने गावी गेला. एप्रिलमध्ये त्याचा फोन आला.

"काका, मोजले. एकोणऐंशी भरले."

"शाब्बास!"

"आता जुलै ते डिसेंबर कधीही आजारी पडलो तरी सत्तर टक्के."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत परवडत नाही," तो म्हणाला. "मास्क लावून शेतात जातोय."